बटणातली पाचर

आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे सांगताना उगाच नम्रपणा दाखवणं मला जमत नाही. काटोलकडच्या गावातून निघालो, नागपुरात लोकांच्या ओसरीवर राहून बीएस्सी झालो, आणि वडिलांनी त्या दिवशी गावात पेढे न वाटता गूळ वाटला, कारण पेढ्याचं दुकान गावात नव्हतं. ती डिग्री मी कमावली होती. पुढे जे लिहितो आहे त्यात तिचा पहिला उपयोग एका माणसाच्या विरोधात झाला.

साठचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीवरून कंपनीची बस सुटायची ती तासाभरात कारखान्यात पोचवायची. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्याला वाफ लागायची, वाफेसाठी मोठा बॉयलर होता, आणि बॉयलर चालवायची एक कंट्रोल रूम होती. तिथे मी ज्युनियर ऑपरेटर म्हणून लागलो.

त्या खोलीत भिंतभर एक पॅनल होतं. खाली घड्याळांसारखे काटे आणि वर काचेच्या छोट्या खिडक्या, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या, सहा ओळींत बहात्तर. प्रत्येक खिडकीवर इंग्रजीत दोन-तीन शब्द कोरलेले. बॉयलरमध्ये कुठे काही हललं की त्याची खिडकी लाल लुकलुकायची आणि भोंगा सुरू व्हायचा. टेबलावरचं काळं बटण दाबलं की भोंगा थांबायचा, लुकलुक थांबायची, आणि ती गोष्ट दुरुस्त होईपर्यंत खिडकी नुसती लाल पेटलेली राहायची.

ज्यानं हे पॅनल आखलं त्याला काहीच सांगायचं बाकी ठेवायचं नव्हतं. टाकीत तेल कमी झालं, दिवा. टाकी भरली, दिवा. पंप सुरू झाला तरी दिवा आणि बंद झाला तरी दिवा. भोंगा वाजवून कळवावं असं त्यात काय होतं, देव जाणे. काही खिडक्या तर मी लागलो त्याच्या आधीपासून पेटलेल्या होत्या, आणि मी असेपर्यंत विझल्या नाहीत. भोंगा पाळीत शंभर-सव्वाशे वेळा वाजायचा. आमच्यापैकी एकाची बायको दुसऱ्याच्या बायकोला म्हणाली होती म्हणे, की आमचे हे घरी आले की भांडल्यासारखेच बोलते. आम्ही सगळेच तसे बोलायचो.

माझा सिनियर पन्नाशीच्या पुढचा होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. जुन्या कोळशाच्या बॉयलरवर फावड्यानं कोळसा टाकता टाकता तो इथवर आला होता. शाळा चौथी. इंग्रजी वाचता येत नव्हतं. खिडक्या त्याला जागेवरून माहीत होत्या. ‘वरून तिसरी, दाराकडून दुसरी, ते म्हणजे पाण्याचा पंप’, असं त्याचं वाचन. पण खरं म्हणजे तो पॅनलकडे पाहायचाच नाही. खुर्ची तिरपी करून बसायचा, तळहात लोखंडी टेबलावर ठेवायचा आणि डोळे अर्धे मिटायचा.

“झोपता काय मिस्त्री?” मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

“अबे, ऐकून राहिलो. तू ते दिवे पाह्य. दिवे पाहासाठी बीएस्सी लागते, ऐकासाठी नाही लागत.”

बीएस्सी हेच माझं नाव पडलं. “काय गा बीएस्सी, जेवला का?” “बीएस्सी, तो कागद वाच बरं.” मला ते आवडायचं. थट्टा होती तरी आवडायचं.

भोंग्यावर सगळ्या पाळ्यांनी मिळून एक उपाय केला होता. काळं बटण दाबून त्याच्या फटीत आगकाडी खुपसायची. बटण दबलेलंच राहायचं. मग कुठलीही खिडकी लागली तर लुकलुकायची नाही, भोंगा वाजायचा नाही, चुपचाप लाल व्हायची. काडी मोडली की सुपारीचं खांड, तेही उडालं की विडीच्या बंडलाचा घडी केलेला कागद. फोरमनसाहेब फेरीवर यायचे, ते पाहायचे आणि पंख्याखाली उभं राहून म्हणायचे, “आज शांत आहे बुवा.” त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही.

मला तो गबाळेपणा सहन होईना. संत्र्याच्या पेटीची एक पट्टी आणली, ब्लेडनं तासली, फरशीवर घासून गुळगुळीत केली. मापात पाचर झाली. तिला भोक पाडून सुतळी बांधली आणि टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगली, म्हणजे हरवायला नको. बटणात अशी बसायची की हलणार नाही. तिन्ही पाळ्यांनी कौतुक केलं. पाळी बदलताना लोक वही, किल्ल्या आणि पाचर एकमेकांना दाखवून जायचे.

“हे खरं शिक्षण होय गा,” मिस्त्री म्हणाला. “नाही तं आम्ही एवढे वर्ष काड्या मोडत बसलो.”

मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा डिग्रीच्या दिवशीही वाटला नसेल.

दसऱ्याला यंत्रपूजा असायची आणि घरच्या माणसांना आत यायची परवानगी. त्या वर्षी वडील आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात चपला. चपला आत घालाव्या की नाही हे त्यांना कळेना, म्हणून काढून हातात धरल्या होत्या. पॅनलला झेंडूची माळ, काट्यांना हळदीकुंकू. वडील बराच वेळ खिडक्यांकडे पाहत राहिले.

“एवढे लाल दिवे कायले लागले रे दिवसाढवळ्या?”

“काही बिघडलं की लागतात.”

“मंग एवढं बिघडलं आहे?”

“नाही बाबा. सगळं चालू आहे. बॉयलर चांगला आहे.”

“हाव?” त्यांनी टोपी सारखी केली. “मंग खरंच बिघडल्यावर कोणता लावता?”

मिस्त्री मोठ्यानं हसला. मी पण हसलो. बसमध्ये बसवून देताना वडिलांना सांगितलं, की बाबा, तुम्हाला हे समजायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुसरी पाळी, दुपारचे तीन वाजून गेले होते. बाहेर लोखंडाला हात लावता येत नव्हता. पाचर सकाळच्या पाळीनं लावलेली तशीच बटणात होती. मिस्त्री खुर्चीत. मी तासाचे आकडे वहीत उतरवत होतो, चाळीस काटे, चाळीस रकाने.

बॉयलरच्या भट्टीतला धूर एक मोठा पंखा चिमणीकडे ओढतो. ती ओढ आहे तोवर आग आतल्या आत राहते. ओढ कमी झाली की आग बाहेर यायला वाट शोधते. त्या दुपारी त्या पंख्याच्या झडपेची एक खीळ निसटली आणि झडप हळूहळू मिटत गेली. भट्टीच्या ओढीची खिडकी होती, चौथ्या ओळीत. ती लागली. तिच्या आजूबाजूला तेव्हा सत्तावीस खिडक्या पेटलेल्या होत्या. मी नंतर मोजल्या म्हणून सांगतो. अठ्ठाविसावी कधी लागली ते मला माहीत नाही. माझी पाठ तिकडे होती असंही नाही. मी दोनदा तिकडे पाहिलं असेल.

मिस्त्रीनं टेबलावरचा हात उचलला आणि परत ठेवला. “बीएस्सी,” तो म्हणाला, “आवाज जड झाला काय?”

मी म्हणालो, “भट्टीचं तेल बदललं आहे आज.”

खाली आमचा फायरमन होता. दर तासाला भट्टीचं छोटं दार उघडून आगीचा रंग पाहायचा, हे त्याचं काम. कामठीकडचा, फार न बोलणारा माणूस. डब्यातली भाजी आधी दुसऱ्याला वाढायचा. त्यानं दार उघडलं आणि आग बाहेर आली.

आधी धप असा आवाज झाला. मग ओरडणं. मिस्त्री आवाजाच्या आधीच उठला होता असं मला वाटतं, पण तेव्हाच्या क्षणांचा हिशेब मला कधी नीट लागला नाही. त्यानं तेलाचा मुख्य कॉक बंद केला आणि जिन्यावरून खाली धावला. मी त्याच्या मागे. फायरमनचे हात चेहऱ्यावर होते आणि ते हात चेहऱ्यापासून काढता येत नव्हते. जास्त लिहीत नाही. चौथ्या दिवशी हॉस्पिटलात तो वारला. त्याची सायकल महिनाभर स्टँडवर उभी होती. मग त्याचा भाऊ आला, हवा गेलेली पाहून त्यानं ती खांद्यावर घेतली आणि गेटातून बाहेर पडला. गेटवाल्यानं त्याला पास विचारला नाही.

चौकशी बसली. तीन माणसं, त्यातला एक मोठा इंजिनियर मुंबईच्या ऑफिसातून आलेला. टेबलावर पांढरा रुमाल आणि त्यावर ती पाचर, सुतळीसकट. मिस्त्रीला कोपऱ्यात स्टूल दिलं होतं.

“ही कोणी लावली होती?”

“पाळी माही होती साहेब,” मिस्त्री म्हणाला. “म्या लावली.”

लावली होती सकाळच्या पाळीनं. त्यानं ते सांगितलं नाही. कोणी बनवली हे कोणी विचारलंच नाही.

मग मला बोलावलं. मुंबईचे साहेब मला ‘तुम्ही’ म्हणाले. मिस्त्रीला ते ‘तू’ म्हणाले होते.

“तुम्ही ग्रॅज्युएट आहात. हे बटण दाबून ठेवणं धोक्याचं आहे, हे तुम्हाला कळत होतं?”

“हो सर.”

“मग?”

तिथे मला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, पाचर माझी आहे. दुसरी, सत्तावीस लाल दिव्यांत अठ्ठाविसावा कोणालाच दिसला नसता, आणि सगळा वेळ बोंबलणाऱ्या भोंग्याचं तोंड माणूस आज ना उद्या बंद करणारच. चूक त्या माणसाची कमी आणि पॅनलची जास्त. दोन्ही मला तेव्हाच ठाऊक होतं. मी म्हणालो, “जुन्या लोकांची सवय होती सर. मी नवीन होतो.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर मिस्त्री तळहातावर तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर त्याला आठवलं असावं की इथे खायची नाही. त्यानं ती तशीच मुठीत धरून ठेवली.

मिस्त्रीला कामावरून काढलं. हलगर्जी, असं कागदावर होतं. आणि तीन महिन्यांनी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की तुम्ही शिकलेले आहात, या पॅनलचं काय करता येईल ते पाहा.

ते काम मी चांगलं केलं. हे मी खाली मान घालून सांगणार नाही. पंधरा दिवस तिन्ही पाळ्यांत स्टूल टाकून बसलो. कोणती खिडकी लागली आणि ती लागल्यावर ऑपरेटरनं काय केलं, एवढंच लिहीत गेलो. बहात्तर खिडक्यांपैकी अकराच अशा निघाल्या की ज्या लागल्यावर माणसाचा हात कशाला तरी जायला हवा. बाकी एकसष्ट नुसत्या बडबडत होत्या. त्या एकसष्ट मी मागच्या खोलीत नेल्या, मेन्टेनन्सवाल्यांसाठी, भोंग्याशिवाय. समोर अकरा ठेवल्या, मोठ्या, आणि त्यांवर पेंटरकडून देवनागरीत लिहून घेतलं. भोंगा काढला आणि शाळेतल्या टोल्यासारखी एक साधी घंटा बसवली. सगळं ठीक असेल तर पॅनलवर एकही दिवा लागणार नाही, हा नियम केला.

सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेब आले, दारातच थांबले. “काय हो, लाइट गेली काय?”

“नाही साहेब. सगळं ठीक आहे.”

“पण काही दिसत नाही.”

“तेच साहेब. दिसलं की समजायचं.”

त्यांना ते पटायला आठवडा लागला. ऑपरेटर लोकांना पहिल्या दिवसापासून पटलं. एकजण म्हणाला, “आता घरचे म्हणते, तुम्ही हळू बोलता, तब्येत बरी आहे ना?” तो महिना संपेपर्यंत कोणी पॅनलचं नावच काढलं नाही. ते नाव निघत नव्हतं म्हणूनच मला कळलं, की काम जमलं.

मी रिपोर्ट लिहिला, टाइप केलेली नऊ पानं. जुनं पॅनल का वाईट होतं ते त्यात मुद्द्यांनिशी होतं. चौकशीच्या टेबलावर जे बोललो नव्हतो ते सगळं, फक्त माझ्या पाचरीची ओळ सोडून.

मिस्त्रीची केस युनियननं कोर्टात नेली होती. तारखा पडत दोन वर्षं गेली. तोवर तो इतवारीत एका धान्याच्या गोदामावर राखणदार झाला होता. बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस पोत्यांवरून उंदीर हाकत होता. युनियनचे सेक्रेटरी एक दिवस माझ्याकडे आले, रिपोर्टची नक्कल घेऊन.

“हे तुम्ही लिहलं ना? मंग कोर्टात येऊन सांगा. बुढ्याचं काम होते.”

“सांगतो.”

“आणखी एक.” त्यांनी आवाज खाली आणला. “ते लाकडाचं तुम्ही करून दिलं होतं, हे पण सांगा. तिन्ही पाळ्यांत चालत होतं, फोरमनले माहीत होतं, शिकलेल्या माणसानं बसवून दिलं होतं. एवढं आलं, तं मंग एकट्या माणसाची गलती राहत नाही. कंपनीचा रिवाज होते. केस त्याच्यावरच आहे.”

“मिस्त्री बोलले का तसं?”

“त्याले विचारलं तं म्हणे, मले आठवत नाही कोणं बनवली.”

मी विचार करतो म्हणालो. त्या महिन्यात पाळीप्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं.

कोर्टात मी पॅनलबद्दल अर्धा तास बोललो. न्यायाधीश लक्ष देऊन ऐकत होते. एकदा त्यांनी थांबवून विचारलं, की म्हणजे दिवे जास्त असल्यामुळे दिसत नव्हतं? मी म्हणालो, होय. मला वाटलं, एवढ्यावर निभावेल. मग मिस्त्रीच्या वकिलांनी पाचर हातात घेतली.

“ही ओळखता?”

“हो.”

“कोणी बनवली?”

मिस्त्री समोरच्या बाकावर बसला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. खिडकीबाहेर कुठे तरी पाहत होता.

“नक्की सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

वकिलांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ठीक आहे.

बाहेर कडुलिंबाखाली चहाची टपरी होती. मला सरळ निघून जायचं होतं, पण मिस्त्रीनंच हाक मारली. “ये गा बीएस्सी. चहा घे.” दोघं उभे राहिलो. तो बारीक झाला होता. सदऱ्याला गोदामाच्या तणसाचा वास होता.

“चांगलं बोलला,” तो म्हणाला. “साहेबावानी.”

मी कप उचलला.

“आता घंटा आहे म्हणते तितं. अन् दिवे लागतच नाही.”

“हो.”

“बेस केलं.” त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला. “एक विचारू काय? त्या दिवशी जे खिडकी लागली होती, चौथ्या ओळीतली. तिच्यावर लिहलं काय होतं?”

“फर्नेस ड्राफ्ट लो.”

“म्हणजे?”

“भट्टीची ओढ कमी आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यानं बशीतला चहा एका घोटात संपवला. “म्या तुले म्हटलं होतं,” तो म्हणाला, “आवाज जड झाला म्हणून.”

“हो मिस्त्री. म्हटलं होतं.”

“हे कोणी विचारलंच नाही पाह्य मले. ना तितं, ना इतं.” बशी ठेवून त्यानं तोंड पुसलं. “चाल. गोदामाची किल्ली माह्याजवळ आहे. शेठ बोंबलत असन.” आणि तो बसस्टॉपकडे गेला.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. जुन्या पॅनलमध्ये दोष होते हे मान्य, पण यंत्रणा मुद्दाम बंद पाडण्याचं कृत्य कामगारानं स्वतः कबूल केलं आहे, आणि तसा रिवाज होता हे सिद्ध झालेलं नाही. काढलं ते बरोबर.

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, आता पाळीप्रमुख म्हणून. बातमी माझ्या आधी कंट्रोल रूममध्ये पोचलेली होती. सकाळचे तिघं वहीजवळ उभे होते. त्यांतल्या प्रत्येकानं ती पाचर खिळ्यावरून काढून कधी ना कधी हातात घेतली होती. कोणी केली ते तिघांनाही माहीत होतं, आणि कोर्टात मी काय म्हणालो तेही. मला वाटलं, एकजण तरी बोलेल. शिवी देईल, निदान नेहमीसारखं बीएस्सी म्हणून टोमणा मारेल. एकानं वही माझ्याकडे सरकवली, दुसऱ्यानं किल्ल्या ठेवल्या. “सगळं ठीक आहे, साहेब,” तिसरा म्हणाला, आणि ते बससाठी निघून गेले.

साहेब म्हणून मला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हाक मारली. त्यानंतर त्या खोलीत मला कोणी बीएस्सी म्हटलं नाही.